हेसिंग : एका वलंदेज आडनावाचे मूळ आणि त्याचे विरळपण

आग्र्यास ताजमहाल पाहण्यासाठी जाणाऱ्या असंख्य यात्रिकांपैकी फारच थोडे लोक त्याच शहरातील रोमन कॅथलिक ख्रिस्त्यांच्या जुन्या दफनभूमीकडे वळत असतील. पण जे वळतात त्यांना तेथे, साध्यासुध्या थडग्यांच्या दाटीत, तांबड्या वालुकाश्मात घडवलेली ताजमहालाचीच एक लहानशी आवृत्ती उभी दिसते, आणि उंच चौथरा, मधला घुमट, कोपऱ्यांना बिलगलेले सडपातळ मनोरे असा सगळा मोगली थाट न्याहाळून, आत कोणी नवाब अथवा उमराव निजला असावा अशा समजुतीने जो शिलालेखापाशी जातो त्याला तेथे वाचावे लागते ते एका वलंदेजाचे नाव : जॉन विल्यम हेसिंग. हा मनुष्य २१ जुलै १८०३ रोजी मृत्यू पावला तेव्हा आग्र्याचा किल्ला आणि शहर दौलतराव शिंद्यांच्या वतीने त्याच्या हवाली होते. त्याच्या पश्चात त्याच्या कुटुंबाने ही समाधी उभारली आणि तिजवर सुमारे लाख रुपये खर्ची पडले असे सांगतात. पुढील प्रकरणांत त्या समाधीच्या स्थापत्याचा आणि त्या किल्लेदाराच्या लढायांचा परामर्श ओघाने येईल तेवढाच घेतला आहे. त्यांचा खरा विषय त्या शिळेवर कोरलेले आडनाव हा आहे, म्हणजे ते कोठून आले, कोणत्या वाटेने मराठी दौलतीच्या चाकरीत दाखल झाले, आणि आज ते या देशात सहसा ऐकू का येत नाही.

विषय सिल्वासात बसून लिहावा असा आहे काय, ही शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. दमणगंगेच्या काठचा हा नगर हवेलीचा मुलुख पोर्तुगिजांच्या हाती पडला तो तलवारीच्या बळावर नव्हे. मराठी आरमाराने त्यांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले होते. त्याची भरपाई आणि पुढील स्नेह या दोन्ही हेतूंनी १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबाराने तह केला, आणि त्या तहान्वये बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून देण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा मात्र १७८३ साली मिळाला, आणि १७८५ साली दादराही त्यांच्याकडे गेले. आता या सनावळीशेजारी दुसरी सनावळी ठेवून पाहावी. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला आणि त्याचे जामीन राहिलेले महादजी शिंदे उत्तरेकडे मोकळे झाले. १७८४ साली त्यांनी कवायती पलटणी उभारण्यासाठी युरोपीय अधिकारी चाकरीस ठेवण्यास आरंभ केला, आणि त्याच साली सावॉयचा द ब्वान्य आणि उत्रेख्तचा हेसिंग हे दोघेही त्यांच्या पदरी आले. तात्पर्य, ज्या पाच-सहा वर्षांत मराठी दौलतीचे एक टोक टोपीकरांना गावे देत होते त्याच वर्षांत तिचे दुसरे टोक टोपीकरांना पगार देत होते.

सरंजामाच्या अंगानेही हे साम्य पाहण्याजोगे आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्यात जो निवाडा दिला त्यात, मराठ्यांनी पोर्तुगिजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, केवळ जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाचा वसुलाचा हक्क दिला होता, हे मान्य झाले. सार्वभौमत्वाला मूक संमती मिळाली ती पुढे इंग्रजांकडून. म्हणजे कागदोपत्री पाहता, नगर हवेलीतला पोर्तुगीज आणि आग्र्याचा वलंदेज किल्लेदार हे दोघेही मुळात एकाच दौलतीच्या देण्यावर उभे होते. फरक इतकाच की पोर्तुगिजाने आपले दप्तर, आपली नोंदवही आणि आपली आडनावे मागे ठेवली. वलंदेजाने एक समाधी ठेवली. नगर हवेलीच्या अखेरच्या पोर्तुगीज प्रशासकाचे आडनाव फिदाल्गो होते, ही गोष्ट आडनावांच्या अभ्यासकाला मौजेची वाटल्याखेरीज राहणार नाही. कारण त्या शब्दाचा मूळ अर्थच 'कोणीतरी असलेल्याचा पुत्र', म्हणजे कुलीन, असा आहे, आणि १९५४ च्या ऑगस्टात त्या कुलीनास आपल्या कारभाराची किल्ली खाली ठेवावी लागली.

आता प्रथम 'वलंदेज' या शब्दाविषयी. हॉलंडच्या लोकांना हे नाव पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले आणि मोडी दप्तरात ते इतके रुळले की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारी करणाऱ्या टोपीकरांची गणना करताना फिरंगी, इंग्रज, फरासीस यांच्या पंक्तीत वलंदेजही येऊन बसले. हे नाव वापरण्याइतका त्यांचा सहवासही घडला होता. सुरतेस त्यांची वखार सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून होती. वेंगुर्ल्यास ती चौथ्या दशकात आली. यान व्हान ट्विस्ट नावाचा वकील त्यासाठी विजापुरास जाऊन आला होता, आणि गोव्याच्या मुखाशी दरसाल नाकेबंदी करणाऱ्या वलंदेज गलबतांना अन्नपाणी तेथूनच मिळे. वेंगुर्ल्याच्या त्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. सुरतेस बॅरन हेंड्रिक व्हान रेडे याची भव्य समाधी आहे. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ याच मनुष्याने सिद्ध करविला, आणि त्यात रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र १६७५ या सनासह छापले आहे. भिंती आहेत, थडगी आहेत, ग्रंथ आहे. पण व्हान ट्विस्ट अथवा व्हान रेडे हे आडनाव लावणारे घराणे या किनाऱ्यावर नाही. व्यापारी येतो तो बहुधा परत जाण्यासाठी येतो आणि आपले आडनाव बरोबर घेऊन जातो. हेसिंगचे प्रकरण निराळे आहे ते याच कारणाने. तो परत गेला नाही, त्याचे कुटुंब येथे वाढले, त्याला मुलगा होता, मुलगी होती, आणि तरीही परिणाम तोच झाला.

वलंदेजांची आडनावे मराठी वाचकाला वाटतात तितकी परकी नाहीत. आपल्या 'कर' प्रत्ययाचे काम त्यांच्याकडे नावापूर्वी येणारे 'व्हान' करते, आणि 'व्हान डेन बेर्ख' म्हणजे डोंगराकडचा हे आडनाव आपल्या डोंगरेंचे सहज नातलग शोभेल. 'द फ्रीस' म्हणजे फ्रीसलंडचा. आपल्याकडे कोकणे, वऱ्हाडे ही नावे ज्या रीतीने पडली त्याच रीतीने ते पडले. 'बाकर' म्हणजे भटारी, 'फिसर' म्हणजे मासे धरणारा, 'स्मिट' म्हणजे लोहार. 'द योंग' म्हणजे धाकटा, आणि हे त्या देशातील सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे. (आपल्याकडे धाकटे म्हणून मिरवायला इतके लोक राजी झाले असते असे वाटत नाही.) हॉलंडात 'व्हान' शब्द बाजूस ठेवून नावे अनुक्रमाने लावतात, शेजारच्या बेल्जियममध्ये तो धरून लावतात, आणि त्यामुळे एकाच मनुष्याला सरहद्दीच्या अलीकडे 'ब'मध्ये आणि पलीकडे 'व'मध्ये शोधावे लागते; कारकुनी पद्धती माणसाची ओळख किती बदलू शकतात याचे एवढे लहान आणि पुरेसे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

'इंग' आणि 'इंक' हे प्रत्यय लागलेली नावे मुख्यतः त्या देशाच्या पूर्व भागात, ट्वेन्टे आणि आख्तरहुक या शेतीच्या प्रदेशांत, आणि सरहद्दीपलीकडे जर्मनीच्या वेस्टफालियात आढळतात. 'अमक्याची माणसे', 'अमक्याचे वंशज' हा त्या प्रत्ययाचा अर्थ. तेव्हा हेस किंवा हेस्सो अशा एखाद्या प्राचीन पुरुषनामाला तो लागून 'हेसिंग' सिद्ध झाले असावे हे अनुमान व्युत्पत्तीच्या दृष्टीने सयुक्तिक ठरते. या पूर्वेकडील नावांचा एक विशेष असा की ती पुष्कळदा मनुष्याला चिकटण्यापूर्वी वाडीला, म्हणजे शेतघराला चिकटत, आणि मग त्या घरात जो राहील त्याचे ते नाव होई. दुसऱ्या गावाहून आलेला घरजावईसुद्धा आपले वडिलार्जित नाव टाकून सासरच्या वाड्याचे नाव धारण करी. वंश बदलला तरी वाड्याचे नाव तेच, आणि वंश तोच असूनही वाडा सोडला की नाव निराळे, अशी ही वहिवाट शतकानुशतके चालली. ज्या नावाचा अर्थच 'अमक्याचे वंशज' ते नाव वंशाची साक्ष देण्यास असे अपात्र ठरावे यातील विनोद त्या शेतकऱ्यांना बहुधा जाणवला नसेल.

ही मोकळीक संपवली नेपोलियनने. १८१० साली हॉलंड फ्रेंच साम्राज्यात सामील झाले, आणि १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने, ज्याला निश्चित आडनाव नाही त्याने ते घेऊन नगरकचेरीत नोंदवावे असा हुकूम सुटला. फ्रेंचांची सत्ता चार दिवसांची आहे अशा खात्रीने लोकांनी त्या वेळी मुद्दाम हास्यास्पद नावे नोंदविली आणि ती पुढे त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात पडली, अशी एक आख्यायिका त्या देशात आवडीने सांगतात. पण ती बव्हंशी आख्यायिकाच आहे, कारण ज्या विचित्र नावांचे दाखले देतात त्यांतील पुष्कळ त्या फर्मानाहून जुनी निघाली आहेत. शिवाय शहरांतून आणि पश्चिमेकडील प्रांतांतून आडनावे आधीच स्थिर झाली होती. आमचा हेसिंग उत्रेख्त शहरात सुमारे १७३९ साली जन्मला, आणि १७५२ साली, अद्याप मिसरूड फुटायचे असताना, वलंदेज कंपनीच्या फौजेतून सिंहलद्वीपास पोचला. तेव्हा त्याचे नाव नेपोलियनच्या वहीतले नव्हे, त्यापूर्वीचे आहे. उलट त्याच्या पहिल्या नावाचेच रूपांतर झालेले दिसते. यान विलेम म्हणून घरून निघालेला हा मनुष्य आग्र्याच्या शिळेवर जॉन विल्यम झाला आहे, कारण ती शिळा कोरली गेली तोवर हिंदुस्थानातील युरोपियनांची सामाईक भाषा इंग्रजी होऊन बसली होती.

त्याचे चरित्र येथे संक्षेपाने सांगितले पाहिजे, कारण आडनावाचे भवितव्य त्यातच दडलेले आहे. १७६५ साली गव्हर्नर व्हान एक याच्या हाताखाली वलंदेजांनी कँडी शहर घेतले त्या मोहिमेत तो होता. नंतर मायदेशी एक फेरी करून तो हिंदुस्थानात आला आणि १७८४ साली महादजींच्या चाकरीस लागला. १७८७ साली आग्र्याजवळ भोंडागावच्या लढाईत तो जबर जखमी झाला. द ब्वान्यशी त्याचे पटेना. तेव्हा महादजींनी त्याच्याकडे आपल्या खास तैनातीच्या पलटणी सोपविल्या, आणि १७९२ साली महादजी पुण्यास आले त्या प्रसिद्ध स्वारीत हा वलंदेजही होता. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस महादजींचे देहावसान झाल्यावर तो दौलतरावांकडे राहिला, १७९८ साली कर्नल झाला आणि लवकरच आग्र्याचा किल्लेदार. ज्या वलंदेज कंपनीच्या गणवेशात तो प्रथम समुद्र ओलांडून आला होता तिची सनद १७९९ च्या अखेरीस संपली. चाकर आपल्या पहिल्या धन्याहून अधिक काळ टिकला.

त्याचा मुलगा जॉर्ज विल्यम हेसिंग हाही शिंद्यांच्या पलटणींवर होता. जुलै १८०१ मध्ये उज्जैनपाशी यशवंतराव होळकरांनी त्याच्या पलटणींचा धुव्वा उडवला, त्याचे बहुतेक युरोपीय सहकारी कामास आले आणि तो स्वतः निसटला. बापाच्या पश्चात आग्रा त्याच्याकडे आले, पण अवघ्या तीन महिन्यांसाठी. इंग्रज सेनापती लेक चालून आला तेव्हा किल्ल्यातील शिबंदीने अविश्वासाने आपल्याच युरोपीय अधिकाऱ्यांना अटकेत टाकले, आणि ऑक्टोबर १८०३ मध्ये किल्ला पडला. त्यानंतरचा जॉर्ज हेसिंग हा इतिहासाच्या दृष्टीने कोणीच नाही. तो १८२६ च्या जानेवारीत कलकत्त्यास वारला. कन्येचा विवाह शिंद्यांच्याच चाकरीतील रॉबर्ट सदरलंड या स्कॉच अधिकाऱ्याशी झाला होता, अर्थात त्या शाखेचे आडनाव त्याच दिवशी पालटले. हर्बर्ट कॉम्प्टन याने १८९२ साली हिंदुस्थानातील युरोपीय शिपाईगड्यांची जी चरित्रावली छापली तीत या घराण्यास थोडी पृष्ठे मिळाली आहेत. शिलालेख आणि कॉम्प्टन हे दोन आधार बाजूस काढले तर हाती फारसे काही उरत नाही.

आडनावे नाहीशी होतात याचे आश्चर्य वाटण्याचे मात्र कारण नाही. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने हाच प्रश्न गणिताच्या भाषेत जाहीरपणे विचारला, आणि हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने त्याची मांडणी केली. आडनाव केवळ पुत्रामार्फत पुढे जाते असे धरले, तर काही घरांत पुत्र नसणार, काहींत एकच असणार आणि तो निःसंतान वारणार, अशा निव्वळ योगायोगांच्या माळेने, लोकसंख्या स्थिर असतानाही, एकामागून एक नावे विझत जातात आणि जी टिकतात ती फुगत जातात. वॉटसनने तर सर्वच नावे अखेर नष्ट होतील असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता, कारण सरासरीने एकाहून अधिक पुत्र होत असतील तर टिकण्याची शक्यता उरतेच. पण एकटेदुकटे आलेले परदेशी घराणे घेतले तर त्याच्या गणिताचा कठोरपणा पुरेपूर प्रत्ययास येतो. स्वदेशी हेसिंगांचे तसे झाले नाही. नेदरलंडात आणि जर्मनीत हे नाव विरळ असले तरी जिवंत आहे. आउग्सबुर्गजवळ अस्थिव्यंगांवर उपचार करणारा फ्रीडरिख हेसिंग एकोणिसाव्या शतकात मोठा नावाजला आणि त्याच्या नावाचे रुग्णालय आजही चालते. खुद्द उत्रेख्तच्या वेशीवर, हमरस्त्याच्या कडेला, २००५ साली भारी मोटारगाड्या विकणाऱ्या एका पेढीसाठी कास ओस्टरहाउस या वास्तुशिल्प्याने जी काचेची विलक्षण इमारत बांधली त्या पेढीचे नावही हेसिंगच होते. त्या देशाने आता कायदाही सैल केला आहे : १९९८ पासून अपत्यास आईचे आडनाव देता येते, आणि २०२४ पासून दोघांची जोडून. गाल्टनच्या गणिताचे पहिलेच गृहीत त्यामुळे ढासळले. सदरलंडाशी विवाह करणाऱ्या कन्येला ही सवलत दोनशे वर्षे आधी मिळती तर या ग्रंथाचा विषय कदाचित निराळा झाला असता.

परंतु एकट्या गणिताने सगळे उलगडत नाही, आणि याच ठिकाणी प्रस्तुत लेखकाचे मत थोडे आग्रहाने मांडावेसे वाटते. जेथून हेसिंग प्रथम या भूखंडात उतरला त्या सिंहलद्वीपाकडे पाहावे. तेथे वलंदेजांचे राज्य १७९६ साली गेले, तरी व्हान लांगेनबेर्ख, ब्रोहिये, द फॉस, यान्स ही आडनावे बर्गर म्हणविणाऱ्या समाजात विसाव्या शतकापर्यंत भरभरून नांदली. त्या समाजाने १९०८ साली कोलंबोस आपला संघ स्थापून घराण्यांच्या वंशावळी नियतकालिकातून छापल्या. इतकेच नव्हे तर मूळची परकीय नसलेली नावेही त्या वातावरणात वलंदेज वळणाची झाली : तमिळ प्रांतातून सतराव्या शतकात तिकडे गेलेल्या एका वैद्याचे घराणे 'ओंडाच्ये' अशा वलंदेज वर्णविन्यासाने लिहू लागले, आणि तेच आडनाव पुढे एका इंग्रजी कादंबरीकाराने जगभर नेले. एकीकडे तमिळ वैद्याचे नाव वलंदेज रूपात टिकते, दुसरीकडे अस्सल उत्रेख्तच्या सेनानीचे नाव एका पिढीत विरते, याचा अर्थ उघड आहे. सिंहलद्वीपात चर्चच्या वह्या होत्या, वतनपत्रे होती, ती नावे बाळगण्यात प्रतिष्ठा होती. आग्र्यात शिंद्यांचे लष्कर होते. ते १८०३ साली मोडले, आणि त्यापूर्वीच, १७९१ आणि १७९५ च्या हुकुमांनी, इंग्रज कंपनीने देशी मातांच्या पोटी जन्मलेल्यांना आपल्या मुलकी आणि लष्करी अधिकाराच्या जागा बंद केल्या होत्या. त्या सेनानींच्या संततीला म्हणून जुने दप्तर उरले नाही आणि नवे मिळाले नाही.

दख्खनेतील एखादा मराठा शिलेदार त्याच जागी असता तर काय घडते? चिटणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार ही पदे गेल्यावरही त्यांची आडनावे घराघरांतून राहिली, आणि किल्लेदार हे आडनाव तर आजही महाराष्ट्रात सर्रास आढळते. त्या न्यायाने आग्र्याच्या किल्लेदाराचे वंशज पाच पिढ्यांनी किल्लेदार म्हणून ओळखले गेले असते आणि त्यांचे जुने कुळनाव लग्नपत्रिकेपुरते उरले असते. आपल्याकडे हुद्दा आडनाव होतो. हेसिंगच्या समाजात आडनाव घरून यायचे आणि हुद्द्याला तेथे शिरकाव नव्हता, म्हणून हुद्दा गेला तेव्हा नावाला आधार देण्यास तो मागे थांबला नाही.

सिल्वासात राहणाऱ्याला या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. खुद्द या गावाला पोर्तुगिजांनी १८८५ साली 'पासु द आर्कुश' असे भारदस्त नाव दिले आणि ते सरकारी कागदांवर लिहिलेही गेले, पण लोकांच्या जिभेवर ते चढले नाही. वारली, कोकणा, धोडिया, कातोडी या येथील मूळ रहिवाशांत कुळांची नावे पूर्वापार आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर आणि मतदारयादीत जेव्हा आडनावाचा रकाना भरण्याची वेळ आली तेव्हा कित्येकांच्या नावापुढे जमातीचेच नाव बसले, कित्येकांच्या पुढे पटेल आले, आणि कुळाचे नाव लग्नकार्यापुरते आणि देवकार्यापुरते राहिले. १९६१ साली ज्या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती ती २०११ साली ३,४३,७०९ झाली. कारखान्यांच्या मागोमाग बिहारपासून केरळापर्यंतची आडनावे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली, आणि त्यांपैकी किती पुढच्या शतकात येथेच सापडतील हे त्यांच्या मुलांना येथील कोणत्या वहीत जागा मिळते यावर अवलंबून आहे.

लेखनपद्धतीविषयी दोन शब्द लिहून ही प्रस्तावना आटोपती घेतो. वलंदेज नावे शक्यतो त्यांच्या मूळ उच्चारास धरून लिहिली आहेत, म्हणून 'उट्रेक्ट' न लिहिता 'उत्रेख्त' लिहिले आहे. किल्लेदाराचे पहिले नाव मात्र, त्याच्या समाधीवर जसे आहे तसे, जॉन विल्यम हेच ठेवले आहे. 'डच' हा शब्द आज सर्वत्र रूढ असला तरी मराठी दप्तराचा विषय आहे तेथे 'वलंदेज' हाच योजला आहे. पहिले प्रकरण उत्रेख्तच्या पूर्वेकडील वाड्यांपासून सुरू होते, कारण आग्र्याच्या समाधीपर्यंत पोचण्यापूर्वी या नावाला जो प्रवास करावा लागला त्याचा निम्माअधिक भाग तेथेच, यान विलेमच्या जन्मापूर्वी, होऊन गेला होता.

सिल्वासा